भाव उतरेपर्यंत

हंसाने सुरमईचं डोकं एका घावात वेगळं केलं, सुरा ओल्या फळीवर आडवा ठेवला आणि मान वर न करताच विचारलं,

"आज किती?"

समोर उभी असलेली वर्षाराणी बोंबलांच्या टोपलीकडे पाहत होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"साडेतीस. माणशी."

"शुक्रवारी एकोणतीस होता."

"होता ना. शुक्रवारी मी काय म्हणाले होते, मावशी? घेऊन टाका म्हणाले होते."

सुरमईचे तुकडे पिशवीत भरून हंसाने शेजारी ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला दिले आणि हात पाण्यात बुडवून काढले. रविवार होता. बोईसरच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती आणि सकाळपासून तिची कंबर मोडून आली होती. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने दिवसाचे आठ तास पाटावर बसू नये, हे तिलाही कळत होतं. पण कळून उपयोग काय?

वर्षाराणीचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. रेल्वेची तिकिटं, रातराणी बसची तिकिटं, झेरॉक्स, आधार कार्डाची दुरुस्ती, आणि गेल्या दोन वर्षांपासून दारावर पांढऱ्याशुभ्र जहाजाचं चित्र. ती मूळची बीडकडची. नवरा तारापूरच्या एका कंपनीत लागला म्हणून इकडे आली, तेव्हा तिला मांदेली आणि मुडदुशी यांतला फरक कळत नव्हता. तो हंसाने शिकवला. त्या बदल्यात म्हणा किंवा सवयीने म्हणा, सप्टेंबरपासून दोघींचा एक रिवाज पडला होता. वर्षाराणी मासे घ्यायला आली की हंसा तिला जहाजाचा भाव विचारायची, ती हंसाला बोंबलांचा, आणि पहिला सांगितलेला भाव दोघींपैकी एकीलाही पटत नसे. बोंबलांचा व्यवहार पाच मिनिटांत मिटायचा. जहाजाचा गेले तीन महिने चालला होता.

जहाज मुंबईहून सुटायचं. तीन रात्री पाण्यावर, मध्ये गोवा, आणि एक अख्खा दिवस नुसता समुद्र, कुठल्याच बाजूला किनारा दिसत नाही असा. गोव्याशी हंसाला काही देणंघेणं नव्हतं. तिला तो मधला दिवस हवा होता.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण चिंचणीच्या किनाऱ्यावर जन्मलेली, तिथेच दिलेली आणि चाळीस वर्षं मासळी विकून संसार केलेली ही बाई समुद्रात कधी गेलेलीच नव्हती. तिच्या माहेरी आणि सासरीही मासेमारीच्या बोटीवर बाई पाय ठेवत नसे. बोट आली की गुडघाभर पाण्यात उभं राहून टोपल्या डोक्यावर घ्यायच्या, तिथपर्यंतच तिचा समुद्र. त्याच्या पुढचा नवऱ्याचा, कमलाकांतचा. तो तांडेल होता, बोट हाकणारा, हाताखाली सहा खलाशी. कधी निघायचं, किती पाण्यात जाळं टाकायचं, वारा फिरला तर कुठे वळायचं, हे सगळं तो ठरवणार आणि घरातून कोणी त्यात तोंड घालणार नाही. उलट मासा एकदा वाळूवर उतरला की तांडेलाची सत्ता संपली. तो कधी विकायचा, कोणाला आणि केवढ्याला, हे बायको बघणार. कमलाकांतने उभ्या आयुष्यात माशाचा भाव केला नाही. बाजारात भाजी घ्यायला पाठवला तरी सांगतील तेवढे पैसे देऊन यायचा आणि हंसाची बोलणी खायचा.

म्हणूनच जहाजाची गोष्ट निघाली तेव्हा मुलगा सुजीत म्हणाला, तारीख बापाला विचारू आणि दर तू बघ. घरात सगळ्यांना ते पटलं. कमलाकांतने पंचांग मागवलं, बोटांची पेरं मोजली आणि सांगून टाकलं की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कधीही जा, दर्या शांत असतो. त्याचं काम तेवढ्यावर संपलं. राहिलं हंसाचं.

ही गोष्ट निघाली ती मात्र हौसेपोटी नव्हे.

बोट विकून पाच वर्षं झाली होती. सुजीत कंपनीत लागला, समुद्रावर जायला माणूस राहिला नाही, आणि कमलाकांतचे खांदे भरून आले होते. सुरुवातीला तो नुसता बसून असायचा. लोक म्हणायचे, बोट गेली त्याचं दुःख आहे. मग त्याने गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं. मग दूध आणायला गेला तो नाक्यावर तासभर उभा राहिला आणि कोणीतरी हाताला धरून घरी आणून सोडला. आषाढात सुजीतने त्याला पालघरला दाखवलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने मेंदूचं चित्र उजेडावर धरून समजावलं की विसरण्याचा आजार आहे, औषधाने थोडा आवरतो, थांबत नाही. हे हळूहळू होतं, म्हणाला. आधी नावं जातात, मग माणसं.

सुजीतने त्यातलं 'माणसं' ऐकलं. हंसाने 'हळूहळू' ऐकलं.

एक मात्र खरं, की समुद्राचं काही विचारलं तर कमलाकांत अजून अडखळत नव्हता. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नसे, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या वादळात कुठल्या खलाशाने कुठला दोर कापला ते सांगायचा. भाद्रपदातल्या एका दुपारी ओट्यावर बसून तो तिला पाण्याचे रंग सांगत होता. तीस वाव खोल पाण्यात गेलं की दर्या हिरवा राहत नाय, म्हणाला, निळाही नाय, त्याला नावच नाय. आणि हंसाला एकदम वाटलं की हे आपल्याला बघायचं आहे. नुसतं बघायचं नाही, ह्याच्या शेजारी उभं राहून बघायचं आहे. आपण बोट दाखवायचं आणि ह्याने सांगायचं. इतकी वर्षं हा माणूस तिकडे असायचा आणि आपण इकडे. निदान एक दिवस दोघांनी एकाच बाजूला असावं. तिने ते सुजीतला सांगितलं, तेही भांडी घासता घासता, पाठ करून.

"त्यांच्यासंगट जायचा हाय. त्यांना मी कळते तवर."

सुजीत त्याच दिवशी तिकिटं काढायला निघाला होता. हंसाने त्याला थांबवलं. पैसे माझे, म्हणाली, आणि भाव मी करणार.

तेव्हा भाव अठरा हजार होता.

वर्षाराणीने सप्टेंबरातच सांगितलं होतं की मावशी, हे लवकर घेतलं तर स्वस्त पडतं. हंसाने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. असली वाक्यं ती स्वतः रोज सकाळी गिऱ्हाइकांना ऐकवत होती. ताजा हाय, आत्ताच घ्या, दुपारी मिळणार नाय. आणि दुपारी काय होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? बर्फ वितळतो, माशा बसायला लागतात, कंबर बोलायला लागते, आणि सकाळी ज्या पापलेटला हात लावू दिला नाही ते बाई अर्ध्या भावात पिशवीत टाकते. तसंच हे. जहाज शुक्रवारी सुटणार. सुटताना खोली रिकामी राहिली तर तिची किंमत शून्य. रिकाम्या खोलीला मीठ लावून वाळवता येत नाही. म्हणजे गुरुवार-शुक्रवारकडे ह्यांना भाव पाडायलाच लागेल. हा विचार इतका पक्का होता की वर्षाराणीनेसुद्धा पहिल्यांदा ऐकून मान डोलावली होती.

चुकलं कुठे ते हंसाला नोव्हेंबरात कळलं. भाव अठराचा एकवीस झाला, एकवीसचा चोवीस. वर्षाराणीने समजावलं की मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर, जहाजं अर्धी रिकामी असतात तेव्हा तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण दिवाळी ते नाताळ सगळ्यांनाच जायचं असतं, तेव्हा खोल्या आधी संपतात आणि दिवस मागून येतो. हंसाला हे नवीन नव्हतं. श्रावण लागण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मासळीचा भाव दुपारीसुद्धा उतरत नाही, उलट चढतो, आणि उतरेल म्हणून थांबलेलं गिऱ्हाईक शेवटी बटाटे घेऊन घरी जातं. अशा बायकांना ती आयुष्यभर हसत आली होती. आता आपण त्यांच्या रांगेत उभ्या आहोत हे तिच्या घशाखाली उतरेना. मग तिने जे कोणीही करील तेच केलं. आणखी थांबली.

त्या रविवारीही ती थांबली. वर्षाराणी बोंबील घेऊन गेली.

बुधवारी सकाळी हंसा निघायच्या तयारीत होती. बुधवार म्हणजे धंद्याचा दिवस. टोपल्या बाहेर काढून ठेवल्या होत्या, रिक्षावाल्याने कोपऱ्यावरून दोनदा भोंगा दिला होता, आणि सून हिना आत पाणी भरत होती. कमलाकांत ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. त्या जाळ्याची आता कोणाला गरज नव्हती; डॉक्टरांनी सांगितलं होतं की हातांना काम द्या, म्हणून सुजीतने जुना तुकडा आणून दिला होता. तो दिवसभर विणायचा आणि हिना दुपारी तो झोपला की थोडं उसवून ठेवायची.

हंसा पायऱ्या उतरली आणि सवयीने म्हणाली, "येते वो."

कमलाकांतने मान वर केली. त्याने तिच्याकडे नीट, अदबीने पाहिलं. हातातलं जाळं बाजूला ठेवून तो थोडा सावरून बसला.

"कोण पायजे तुमाला?" त्याने विचारलं. "हंसा बाजाराला गेली. दोन वाजता येल. बसा पायजे तर."

हंसा उभीच राहिली. रिक्षावाल्याने तिसऱ्यांदा भोंगा दिला.

"मासे पायजे असतील तर तिच्याकनंच घ्या," कमलाकांत म्हणाला. "फसवणार नाय ती. पाणी देऊ का तुमाला?"

"नको," हंसा म्हणाली. "मी नंतर येते."

तिने टोपल्या रिक्षात चढवल्या आणि चढून बसली. वाटेत शेजारची बाई वांग्यांच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होती, हंसा हो हो म्हणत होती. चाळीस वर्षांत तो तिला कधी तुम्ही म्हणाला नव्हता. रागावला तरी, प्यायला तरी, अगदी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात लाजत होता तेव्हाही. एखाद्या परक्या बाईशी किती चांगला वागतो हा माणूस, असं तिच्या मनात आलं आणि तिला पदर तोंडाला लावावा लागला. शेजारच्या बाईला वाटलं, धूळ.

बाजारात तिने मासे मांडले. बर्फ फोडला, पापलेटं वर लावली, गिऱ्हाइकांना भाव सांगितले. एका बाईने सातशेचं पाचशेला मागितलं आणि हंसाने देऊन टाकलं. ती बाई पिशवी घेऊन जाता जाता दोनदा मागे वळून पाहत होती, माशात काही खोट तर नाही ना म्हणून. साडेदहा वाजता हंसाने फडका पिळून फळी पुसली, शेजारणीला म्हणाली की माझ्या टोपल्यांवर लक्ष ठेव, विकले तर वीक, नाही तर राहू दे, आणि ती उठली. भर बुधवारी, ऐन धंद्याच्या वेळी हंसा पाटावरून उठली हे त्या बाजारात पहिल्यांदाच घडलं असेल. शेजारणीने विचारलं, कुणी आजारी आहे का. हंसा म्हणाली, नाही.

वर्षाराणी एका माणसाच्या आधार कार्डावरचा पत्ता बदलत होती. हंसाला दारात पाहून तिने खुर्ची पुढे केली.

"परवाचं जहाज हाय?" हंसाने विचारलं.

वर्षाराणीने त्या माणसाला थांबायला सांगितलं आणि संगणकावर दुसरी खिडकी उघडून पाहिलं. खोल्या दोनच राहिल्या होत्या. छत्तीस हजार माणशी. तिने तो आकडा हळूच सांगितला, जणू चूक तिचीच होती, आणि लगेच म्हणाली की हे घेऊ नका. तीन महिने थांबलात, आता जरा आणखी थांबा. मेअखेरीला हीच खोली दोघांची एकाच्या भावात मिळेल. तशी योजना दर वर्षी येते, मागच्या वर्षी तिने स्वतः चार कुटुंबं पाठवली होती. तिने मागच्या वर्षीचे दर काढून पडदा हंसाकडे वळवला. हंसाने ते पाहिले. हिशेब करायला शाळा लागत नाही हे ती बाजारात बसून शिकली होती. मे महिन्यात दोघांचे मिळून होणार होते त्याच्या तिपटीहून जास्त आज जाणार होते.

"परवाचं कर," हंसा म्हणाली.

"मावशी, ऐका माझं. मला ह्यात कमिशन आहे, छत्तीसवर जास्तच आहे, तरी मी सांगते. पाच महिन्यांनी असं काय बिघडणार आहे?"

बाजारात हंसाने कमलाकांतच्या आजाराचं कोणालाच सांगितलं नव्हतं. विकणाऱ्या बाईने घरचं दुखणं पाटावर मांडू नये, गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. तिने आधार कार्डवाल्या माणसाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये होता.

"आज सकाळी ते मला तुमी बोलले," ती म्हणाली.

वर्षाराणीला आधी काही उमगलं नाही. तिच्याकडे तर नवरा बायकोला चारचौघांत अहो-जाहो करतो म्हणजे मोठेपणाच. ती हसायला लागली होती. मग तिने हंसाचे हात पाहिले. त्यांना अजून खवले चिकटले होते. ही बाई बाजारातून हात धुतल्याशिवाय कधी बाहेर पडत नसे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आषाढापासून ठाऊक हाय. तुमी मात्र आजच."

वर्षाराणी संगणकाकडे वळली. तिने नावं भरली, वयं भरली, आधारचे आकडे भरले. आजारपणाच्या रकान्यात हंसाने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि जहाजावर डॉक्टर असतो एवढं मात्र आपणहून सांगितलं. पैसे घेताना तिने टेबलावरचा क्यूआरचा चौकोनांचा कागद पुढे सरकवला. तसाच कागद हंसाच्या पाटाशेजारी खांबाला चिकटवलेला होता. रोज शंभर लोक त्याच्यासमोर मोबाइल धरायचे. आज हंसाने स्वतःचा धरला. बहात्तर हजार तिने एक-एक शून्य बघून टाकले, पण मनात सलत होते ते पैसे नव्हते. सप्टेंबरात हे अठरा-अठरा होते, आणि तेव्हा तो तिला रोज हाक मारत होता. थांबण्यात गेलेले दिवस ती बोटांवर मोजायला लागली, चौपन्न-पंचावन्नपर्यंत आली, मग नव्वदवर गेली, मग तिने मोजणं सोडून दिलं.

"चूक झाली गं माजी," ती उठताना म्हणाली. वर्षाराणीने तिच्यासोबत दारापर्यंत येऊन रिक्षा थांबवली.

घरी पोहोचायला चार वाजले. बाजारात परत जाऊन तिने उरलेले मासे कसेबसे आवरले होते. शेजारणीने निम्मे विकले होते आणि भाव चांगला घेतला होता. हिनाने चहा टाकला. सकाळपासून बा कसे आहेत, हे हंसाने आत जाऊन हळूच विचारलं. हिना म्हणाली, बरे आहेत, जेवले, झोपले, सारखे बाजाराच्या रस्त्याकडे बघतात. हंसाने सकाळचं तिला सांगितलं नाही.

ती चहाचे दोन पेले घेऊन ओट्यावर आली. कमलाकांत जाळं विणत होता. त्याने पेला घेतला. हाक मारली नाही, पण कोण पाहिजे असंही विचारलं नाही. हंसा खालच्या पायरीवर, जरा अंतर ठेवून बसली, एखाद्याच्या घरी गेल्यावर बसतात तशी. चेहरा त्याच्याकडे न वळवता तिने सांगितलं की तिकिटं काढली, परवा शुक्रवारी मुंबईहून निघायचं.

"शुक्रवार म्हंजे तिथी कंची?" त्याने विचारलं.

"अष्टमी."

त्याने आकाशाकडे पाहिलं. जाळ्याची सुई दोन बोटांत तशीच राहिली.

"भांगाचा दर्या," तो म्हणाला. "उधाण नाय. वारा वरनं येल, पण पडल. बोट हलणार नाय." मग म्हणाला, "बरा दिवस काढला."

हंसाने चहा संपवला. तिला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. मी कोण, असं नवऱ्याला कसं विचारायचं? आणि तो परत पाणी देऊ का म्हणाला तर?

"केवढ्याला पडला?" कमलाकांतने विचारलं.

हंसाने डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळावरून जरा पुढे ओढला.

"अठरा," ती म्हणाली. "माणशी अठरा."

कमलाकांतने मान खाली घातली. ती एक गाठ मारण्यासाठी असावी असं तिला वाटलं. पण त्याचे खांदे हलत होते. तो आवाज न करता हसत होता, पूर्वी खलाशांची चोरी पकडल्यावर हसायचा तसा.

"हंसा," तो म्हणाला.

तिने मान वळवली.

"चाळीस वरसं तू मला भाव कमी सांगतेस. पापलेट हजाराला गेला का माज्या कानावर आठशे. वरचे तू डब्यात टाकायचीस. खोटा सांगायची झालीस का आदी तुजा पदर पुढे येतो."

हंसाचा हात कपाळाशीच राहिला.

"ठाऊक होता तर बोलला का नाय कदी?"

"भाव तुजा," तो म्हणाला. "मी कशाला बोलू? सुजीतची शाळा झाली त्याच्यातनं. ह्या घरावं पत्रा पडला." त्याने सुई जाळ्यात खोचली. "आता खरा किती तो सांग."

तिने सांगितला. छत्तीस, माणशी, दोघांचे बहात्तर. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला पुरा आकडा सांगितला. तीन महिने थांबले, म्हणाली, उतरेल म्हणून थांबले, आणि चढतच गेला. मला कळायला हवं होतं. एवढी वर्षं बाजारात बसून मला कळायला हवं होतं.

कमलाकांतने जाळ्याचा गोळा उचलून पलीकडे ठेवला आणि ओट्यावर स्वतः सरकला.

"वर बस," तो म्हणाला. "खाली काय बसलीस पावण्यासारखी?"

हंसा वर जाऊन बसली. तिच्या लुगड्याला दिवसभराच्या मासळीचा वास होता, एरवी ती आंघोळ केल्याशिवाय ओट्यावर टेकत नसे. आत हिना तांदूळ निवडत होती. रस्त्याने कंपनीतल्या लोकांची बस आली आणि दोघं-तिघं उतरले. सुजीत अजून त्यात नव्हता.

"कदी हाय म्हटला?" कमलाकांतने विचारलं.

"परवा. शुक्रवारी."

"परवा," तो म्हणाला. त्याने मान डोलावली आणि समोर पाहत राहिला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, कधी आहे, आणि तिने पुन्हा सांगितलं, परवा. सुजीत येईपर्यंत त्याने ते आणखी चार-पाच वेळा विचारलं. प्रत्येक वेळी हंसा त्याच्याकडे वळायची, त्याच्या डोळ्यांत पाहायची, आणि मगच सांगायची.